इंका वारसा व सांस्कृतिक पर्यटन

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशात पंधराव्या शतकात भरभराटीस आलेल्या इंका संस्कृतीचे अवशेष व परंपरा हा पेरू देशातील पर्यटनव्यवसायाचा मुख्य आधार होय. कुस्को ही इंकांची राजधानी आणि माचू पिक्चू (उंची सु. २,४३० मी.) यांचा समावेश १९८३ मध्ये, तर सहा देशांत पसरलेल्या इंका मार्गजालाचा समावेश २०१४ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला. या स्थळांचा अर्थ प्रवाशांना सांगणाऱ्या वाटाड्यांच्या दृष्टीने इंका संस्कृतीचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

माचू पिक्चू १९११ मध्ये हायरम बिंगम या अमेरिकन संशोधकामुळे जगास परिचित झाले. इंकांचे अखेरचे आश्रयस्थान व्हिल्काबांबा ते हेच, हे त्याचे मत पुढे त्याज्य ठरले. सम्राट पाचाकूती याची ती राजवसाहत असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बिंगम तेथे पोहोचला, तेव्हा स्थानिक शेतकरी तेथे शेती करीत होते. त्यामुळे ‘हरवलेले नगर’ हे रूढ वर्णन दिशाभूल करणारे आहे. तेथील पायऱ्यांच्या शेतांत तळाशी दगड, त्यांवर खडी व वाळू आणि वर सुपीक माती असे थर आढळतात. त्यांमुळे पावसाच्या पाण्याचा निचरा होऊन उतार खचत नाही. हे कार्य उमगलेला प्रवासी त्या बांधांवर चढण्याचे सहसा टाळतो.

वारशाचा काही भाग आजही जिवंत आहे. आपूरीमाक नदीवरील केस्वाचाका हा गवती दोरांचा झुलता पूल चार केचुआ ग्रामसमाज दरवर्षी जून महिन्यात नव्याने विणतात. याउलट, कुस्को येथील इंती राइमी हा सूर्योत्सव स्पॅनिश राजवटीत बंद पडला होता. सध्याचा सोहळा गार्सिलासो दे ला व्हेगा याच्या वृत्तांताच्या आधारे १९४४ पासून सादर होतो. अखंड परंपरा व पुनर्रचना यांतील हा भेद प्रवाशांना स्पष्ट करणे आवश्यक असते.

वाढत्या वर्दळीमुळे माचू पिक्चूकडे जाणाऱ्या इंका पायवाटेवर २००१ पासून निर्बंध घालण्यात आले. वाटाडे व हमाल धरून दररोज ५०० व्यक्तींनाच प्रवेश दिला जाऊ लागला आणि हमालाच्या ओझ्याची कमाल मर्यादा २० किग्रॅ. ठरली. हे हमाल मुख्यतः केचुआभाषक खेड्यांतील असतात. इंकांच्या भाषेचा व श्रमपरंपरांचा वारसा त्यांच्याकडे चालत आलेला असल्याने, त्यांना योग्य मोबदला व मान मिळणे हे वारसासंरक्षणाचेच एक अंग ठरते.