तोलामोलाची धाव

मुरगूडच्या किंवा आसपासच्या कुठल्याही जत्रेतल्या कुस्त्यांना दुपारी लवकर जाऊन बसलं, तर सुरुवातीला मैदानात नावाजलेलं कुणी नसतं. असतात ती लंगोटातली आठ-दहा वर्षांची पोरं, आणि त्यांना दंडाला धरून फिरवणारा एखादा वस्ताद. तो दोन पोरांना पाठीला पाठ लावून उभं करतो, खांदे बघतो, मनगट चाचपतो, 'कुठल्या तालमीचा रं?' म्हणून विचारतो आणि मग जोड ठरवतो. बक्षीस म्हणजे मूठभर रेवड्या, नाहीतर नारळ. तरीही जोड चुकली की कडेला बसलेलं पब्लिक लगेच ओरडतं. थोराड पोरासमोर किरकोळ पोर सोडलेलं इकडच्या माणसाला खपत नाही.

हाच माणूस शाळेच्या क्रीडा महोत्सवाला जातो तेव्हा मात्र गप्प बसतो. मैदानावर फक्कीची एक रेष मारलेली असते आणि तिच्यावर अख्खी सहावी उभी केलेली असते. शिट्टी वाजायच्या आधीच पहिले तीन कोण, हे पोरांनाही माहीत असतं आणि पीटीच्या सरांनाही. उरलेली पस्तीस-चाळीस पोरं त्या तिघांना पहिलं ठरवण्यापुरती पळतात. जाड पोरगं अर्ध्यातच पोटात दुखतंय म्हणून बसतं. आणि ज्याच्या पायात कॅलिपर आहे, ज्याला नीट दिसत नाही किंवा ज्याला शिट्टीचा आवाज ऐकूनच भेदरायला होतं, ते पोर रेषेवर आलेलंच नसतं. त्याच्याकडे बाकीच्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला दिलेल्या असतात.

कागल तालुक्यात पळणं काही कमी नाही. पहाटे कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर भरतीची पोरं-पोरी दिसतात. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, सैन्याच्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर, हे आकडे इथल्या घराघरात पाठ आहेत. पण हे पळणं पोटासाठीचं आहे आणि त्याचा सगळा हिशेब कोण बाद झालं याचा आहे. शाळेतली शर्यत केंद्रावर निवड करायला, केंद्रावरची तालुक्याला, तालुक्याची जिल्ह्याला. म्हणजे पहिलीपासून चाळणी सुरू. चाळणीला माझा विरोध नाही, भरतीला ती लागणारच. पण ज्या पोराला पळण्याची सगळ्यांत जास्त गरज आहे, ते या चाळणीतून पहिल्याच दिवशी खाली पडतं आणि पुन्हा मैदानावर येत नाही.

म्हणून शाळा सुटल्यावर सगळ्यांनी पळायचं, जमेल तसं पळायचं, असा एखादा क्लब कागलसारख्या गावात चालवायचा तर काय करावं लागेल, ते जरा तपशिलात बघू. जगात असले प्रयोग झालेले आहेत आणि त्यांतले काही अगदी बिनखर्चाचे आहेत.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरात सेंट निनियन्स नावाची प्राथमिक शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये एका वर्गाला रोज पंधरा मिनिटं मैदानाभोवती सोडायला सुरुवात केली. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत लावायची नाही. पळावंसं वाटलं तर पळा, दम लागला तर चाला. 'डेली माइल' या नावानं ते पुढे देशोदेशी गेलं. २०१८ मध्ये स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन शाळांतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. पळणाऱ्या शाळेतल्या मुलांचं शटल रनमधलं अंतर सुमारे पाच टक्क्यांनी जास्त वाढलेलं होतं आणि त्यांचं बसून राहणं कमी झालं होतं. अर्थात दोनच शाळांचा हा अभ्यास. नंतर बर्मिंगहॅममध्ये चाळीस शाळांत मोठी चाचणी झाली, तेव्हा एकूण मुलांच्या वजनात फारसा फरक दिसला नाही. तेव्हा 'पोरगं बारीक होईल' असं आश्वासन पालकांना देऊ नये. दम वाढेल, भूक लागेल, रात्री गाढ झोप लागेल, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगितली आहे, आणि दिव्यांग मुलांसाठीही तोच आकडा दिला आहे. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या कानावर गेलेली नाही. पाय अधू असलेल्या पोराला आपण मायेनं बसवून ठेवतो. बसून बसून त्याचे चांगले स्नायूही आखडतात, वजन वाढतं आणि मग जे थोडं चालता येत होतं तेही अवघड होतं.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानतो. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. शाळेनं अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि खेळण्याची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यावी, हे त्या कायद्याच्या सोळाव्या कलमातच लिहिलेलं आहे. प्रवेश बहुतेक शाळा देतात. खेळाचा भाग मात्र ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनापुरता उरतो. बॅनर, पाहुणे, लिंबू-चमचा, बिस्किटाचा पुडा, की झालं.

या मातीत सगळ्यांची मुलं एकत्र आणायची सक्ती जुनी आहे. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला त्यांनी महिना एक रुपया दंड लावला होता. त्याच महाराजांनी रोमचं कलोझियम बघून आल्यावर कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं. शाळेत सगळे आणि मैदानात तोलामोलाचे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या. आपण त्या एकमेकींना कधी भेटू दिल्या नाहीत एवढंच.

तालमीतली जोड लावण्याची रीत पळण्यात आणता येते, आणि हे जगात फार आधीपासून चालू आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या 'स्पेशल ऑलिम्पिक्स'चा पहिला मेळावा युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकारानं जुलै १९६८ मध्ये शिकागोत भरला. तिथं आधी सगळ्यांना एकदा पळवून वेळ घेतात. मग वय बघून आणि ज्यांच्या वेळा साधारण पंधरा टक्क्यांच्या फरकात बसतात अशांचे गट पाडतात. एका गटात तीन ते आठ जण. त्यामुळे शंभर मीटरला पंधरा सेकंद घेणाऱ्यांची जशी चुरस होते, तशीच चाळीस सेकंद घेणाऱ्यांचीही होते, आणि बघणाऱ्याला दोन्हीकडे शेवटपर्यंत कळत नाही कोण जिंकणार.

दुसरी रीत ऑस्ट्रेलियातली. व्हिक्टोरिया राज्यातल्या स्टॉवेल गावात १८७८ पासून ईस्टरच्या सुट्टीत गवतावर १२० मीटरची शर्यत होते. सगळ्यांत वेगवान गडी १२० मीटरच्या खुणेवरून सुटतो; बाकीचे आपापल्या कुवतीप्रमाणे काही मीटर पुढून. शेवटच्या दहा मीटरला सगळे एका ओळीत यावेत, असा पंचांचा हिशेब. आपल्या शाळेत हेच वेळेवर करता येईल. समजा मैदानाचे दोन फेरे मारायला एका पोराला १ मिनिट ४० सेकंद लागतात आणि दुसरीला ३ मिनिटं १० सेकंद. ती आधी सुटेल, तो दीड मिनिट रेषेवर थांबेल. मग तो जीव खाऊन पळेल, कारण पुढं कुणीतरी आहे; ती जीव खाऊन पळेल, कारण मागून कुणीतरी येतंय.

यात लबाडीला जागा आहे. चाचणीच्या दिवशी मुद्दाम हळू पळायचं आणि शर्यतीत सुटायचं. स्टॉवेलला अशा गड्यांना दंड करतात. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये अंतिम फेरीची वेळ आधीच्यापेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त सुधारली, तर धावपटू बाद होऊ शकतो. कागलची पोरं ही युक्ती दोन दिवसांत शोधून काढतील याबद्दल मला खात्री आहे. तेव्हा शर्यत महिन्यातून एकदाच ठेवावी आणि एरवी नुसते फेरे मोजावेत. मोजायला चिंचोके बरे. वाटीतला एक चिंचोका दर फेरीला उचलायचा आणि खिशात टाकायचा. ज्याला अंक कळत नाहीत त्यालाही खिसा जड झालेला कळतो.

आंधळ्या मुलानं पळायचं कसं, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. उत्तर एका दोरीत आहे. बुटाची जाड नाडी किंवा कापडाची पट्टी घ्यायची, दोन्ही टोकांना फास करायचे. एक फास त्याच्या उजव्या हातात, दुसरा जोडीदाराच्या डाव्या हातात. दोर वीतभर पुरे; लांब असला तर पायात येतो. आता हे दोन हात बरोबर पुढं-मागं जायला हवेत. तसं झालं की दोघांचे बाहेरचे पाय एका वेळी पडतात आणि आतले एका वेळी. तीन पायांच्या शर्यतीत आपण हेच करतो, फक्त तिथं पाय बांधलेले असतात. जोडीदारानं ओढायचं नाही, ढकलायचं नाही, बोलायचं: 'डावं वळण', 'खड्डा', 'आता सपाट, सोड.' पॅरालिम्पिकमध्ये याच नियमानं पळतात आणि रेषा आधी धावपटूनं ओलांडायची असते, मार्गदर्शकानं नाही. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सिमरन शर्मानं २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा तिच्याबरोबर पळणारा अभय सिंग हाही तेवढाच दमला होता.

ऐकू न येणाऱ्या मुलाला शिट्टीऐवजी रुमाल खाली केलेला दिसला की पुरतं. स्वमग्न मुलाला फेऱ्याची दिशा, खुणांचे रंग आणि वेळ हे सगळं रोज तेच लागतं. त्यातलं काही अचानक बदललं तर ते बिथरतं. ज्याला कृत्रिम पाय आहे, त्याचा मोजा काढून कातडी रोज बघावी, फोड आला असेल तर दोन दिवस सुट्टी. व्हीलचेअर मुरमात रुतते. मैदानाच्या कडेनं रोलर फिरवून एक घट्ट पट्टा केला तर ती चालते आणि त्याच पट्ट्यावर वॉकर घेतलेलं पोरही जातं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी डेन्मार्कमध्ये कोनी हान्सन यांनी १९९१ मध्ये पॅडल नसलेली तीन चाकांची चौकट पुढं आणली. तिच्यावर छाती टेकून पायानं जमीन ढकलत पळता येतं. ती महाग आहे, पण तिचा नमुना बघून तसलं काही करता येईल का, हे कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांना विचारायला हरकत नाही. फिट्स येणारं, दम्याचं किंवा हृदयाचं दुखणं असलेलं मूल मात्र डॉक्टरांची चिठ्ठी आल्याशिवाय सोडू नये.

उदाहरणं दाखवायची तर लांब जावं लागत नाही. कागलहून कोल्हापूरकडे निघालं की हायवेलगत उचगाव लागतं. नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभ्या केलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड संस्थेचं वसतिगृह आणि शाळा तिथं आहे, आणि त्या शाळेत दिव्यांग आणि इतर मुलं एकाच बाकावर बसतात. कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियो पॅरालिम्पिकच्या नेमबाजीत चौथा आला. सांगली जिल्ह्यातल्या करगणीचा सचिन खिलारी, शाळेत असताना सायकलवरून पडून ज्याचा हात कायमचा अधू झाला, त्यानं पॅरिसला १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक आणलं. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या खाऊन १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. ही नावं मुलांना सांगावीत. पण रोज सांगू नयेत. पदकाच्या गोष्टीही शेवटी चाळणीच्याच गोष्टी असतात, आणि सात वर्षांच्या पोराला आज फक्त तिसरा चिंचोका उचलायचा असतो.

खरी अडचण वेळेची. 'शाळा सुटल्यावर' हा वेळ इथं मोकळा नसतो. शेतातल्या कामातून वेळ काढून शिकणाऱ्या पोराची गोष्ट सांगणारी, कागलच्या आनंद यादवांची 'झोंबी' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना हे सांगायला नको. आज त्या गोष्टीतल्या बैलांची जागा म्हशींनी आणि क्लासनं घेतली आहे. संध्याकाळी दूध डेअरीला घालायचं असतं, आणि खेड्यातल्या पोरींची एसटी ठरलेल्या वेळी निघून जाते. ज्या मुलाला आणायला-न्यायला माणूस लागतो त्याच्या आईची त्याच वेळी चूल असते. म्हणून क्लब तासाभराचा नको. शाळा सुटल्यापासून वीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, शाळेच्याच गणवेशात. बूट सक्तीचे नकोत, अनवाणी चालेल. मात्र मैदानावरच्या काचा आणि काटे आधी वेचून घ्यावेत.

दुसरी अडचण हवामानाची. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पळायला छान, पण तोच उसाचा गळीत हंगाम. रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, तेव्हा पोरांना रस्त्यावर अजिबात पळवू नये. त्याच हंगामात बीडकडची ऊसतोड कुटुंबं कारखान्यांच्या परिसरात येतात आणि त्यांची मुलं चार-पाच महिने इथंच असतात. स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम करणारा अविनाश साबळे हा त्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा. सगळ्यांसाठी क्लब म्हणायचं तर या पोरांचं नावही वहीत आलं पाहिजे, मग ती मार्चमध्ये निघून गेली तरी.

चालवणार कोण? पीटीचे सर एकटे पुरणार नाहीत. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक तालुक्यात फिरत असतात. कुठल्या मुलाला काय त्रास आहे हे त्यांना नेमकं माहीत असतं. आणि पहाटे पळणारी भरतीची पोरं-पोरी आहेतच. त्यांतल्या चौघांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी दोरीचं दुसरं टोक धरलं तर त्यांचा सरावही मोडत नाही, हळू पळण्याचे दिवस त्यांच्याही वेळापत्रकात लागतातच. त्यांना आधी एवढंच शिकवावं की जोडीदार दर पंधरवड्याला बदलायचा. नाहीतर एकाच पोराचा तो कायमचा दादा होऊन बसतो आणि ते पोर त्याच्याशिवाय पाऊल टाकत नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरतील तोवर मैदानं वाळलेली असतील. साहित्य म्हणून एक पोतं फक्की, एक स्टॉपवॉच, चार दोऱ्या, लाल-पिवळे रुमाल, प्रथमोपचाराची पेटी आणि वाटीभर चिंचोके. पहिल्या आठवड्यात शर्यत लावू नये. नुसत्या वेळा टिपून घ्याव्यात. आणि त्याआधी एसटी डेपोत जाऊन पोरींची साडेपाचची गाडी नक्की किती वाजता सुटते ते विचारून यावं.