कौल, कुणबिणी आणि पाचवा कायदा

मराठी मुलखातील दास्यविषयक जुन्या कागदपत्रांत सर्वाधिक उद्धृत होणारा दस्तऐवज म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांनी ऑगस्ट १६७७ मध्ये, कर्नाटक स्वारीच्या काळात, डच ईस्ट इंडिया कंपनीला दिलेला कौल, म्हणजेच शर्ती घालून दिलेले अभयपत्र होय. आधीच्या आदिलशाही अमलात स्त्री-पुरुष विकत घेऊन बाहेर नेण्याची डचांना असलेली मोकळीक या कौलाने काढून घेतली, आणि तसा प्रयत्न झाल्यास तो हाणून पाडला जाईल, असेही त्यात बजावले. कौल तमिळ किनाऱ्यावरील व्यापारापुरता असला, तरी ज्या कंपनीला तो मिळाला तिची एक वखार वेंगुर्ल्यातही होती व तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत.

मात्र एवढ्यावरून मराठी राज्यात दास्यच नव्हते, असे अनुमान काढणे हा उतावळेपणा ठरेल. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागदांत कुणबिणी, म्हणजे विकत घेतलेल्या किंवा व्यभिचारासारख्या आरोपावरून सरकारजमा केलेल्या दासी, वारंवार भेटतात. कोठीत, पागेत राबणाऱ्या या स्त्रियांचा हिशेब इतर सरकारी मालमत्तेसारखाच ठेवला जाई, आणि त्यांच्या जगण्याविषयी जे काही कळते ते बहुतांशी याच हिशेबातून. कौलाने अडवली ती परकीय व्यापाऱ्याची निर्यात. घरचे दास्य त्याच्या कक्षेत नव्हतेच.

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्यालाही असेच वाजवीपेक्षा अधिक श्रेय मिळत आले आहे. त्याने कोणालाही मुक्त घोषित केले नाही. दासाच्या देहावर वा श्रमावर धन्याने सांगितलेला हक्क न्यायालय मानणार नाही, आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा तो दासाविरुद्धही गुन्हाच, मुख्यतः एवढेच त्याने ठरवले. शिवाय तो कंपनीच्या मुलखापुरता होता. मालवण व वेंगुर्ले १८१२ मध्ये इंग्रजांकडे आल्यामुळे त्याच्या कक्षेत पडत. सावंतवाडी संस्थान असल्याने त्यास तो आपोआप लागू होत नव्हता. आणि तेरेखोल नदीपलीकडे पोर्तुगीज कायदा चाले, ज्याने दास्याची कायदेशीर अवस्था १८६९ च्या फर्मानाने रद्द केली.

ब्रिटिश मुलखात माणसाची दास म्हणून खरेदी-विक्री हा शिक्षापात्र गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेतील ३७० व ३७१ या कलमांनी, आणि ही संहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. महात्मा फुले यांनी शूद्रातिशूद्रांच्या दास्याची मीमांसा करणारे आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण करून, त्यानंतर ११ वर्षांनी, १८७३ मध्ये प्रसिद्ध केले.