पणजोबांचं नाव रेल्वेच्या कागदात का सापडत नाही?

रिसर्चमध्ये 'नोंद सापडली नाही' आणि 'तसं काही नव्हतंच' ही दोन वेगळी विधानं आहेत. हा फरक समजून घेण्यासाठी आज लॅबच्या बाहेरचं उदाहरण घेऊ: जुन्या रेल्वे कंपन्यांच्या नोकरीच्या नोंदींतून पूर्वजांचा शोध.

समजा, घरात सगळे सांगतात की पणजोबा रेल्वेत फिटर होते. पहिला प्रश्न: कोणत्या रेल्वेत? 1951 पूर्वी 'मध्य रेल्वे' नावाचं काही नव्हतंच. मुंबई-पुणे आणि भुसावळकडे ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या तोंडची 'जीआयपी'. वसई-सुरतकडे बीबीसीआय, मिरजेला मद्रास अँड सदर्न मराठा, औरंगाबादला निजामाची रेल्वे. त्यातही जीआयपीचा कारभार 1925 साली कंपनीकडून सरकारकडे गेला. त्यामुळे गाव आणि अंदाजे साल ठरवल्याशिवाय नाव शोधायला बसूच नका.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: ही नोंद कोणी केली आणि कशासाठी? लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात भारतातल्या रेल्वे कंपन्यांचे कागद आहेत. पण कंपनीचं संचालक मंडळ लंडनला बसायचं, त्यामुळे तिथे मुख्यतः ब्रिटनमधून नेमलेल्या आणि वरच्या पदांवरच्या लोकांची माहिती गेली. तिथे इंग्रज ड्रायव्हर सापडेल. भुसावळच्या शेडमधला खलाशी सापडण्याची शक्यता फार कमी.

त्याहून खाली उतरा. 1863 साली पूर्ण झालेल्या बोरघाटाच्या चढावर हजारो मजूर राबले. ते काम कंपनीने कंत्राटदारांना दिलं होतं. सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारल्यावर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवलं, हे आपल्याला नावानिशी माहीत आहे. मजूर मात्र कंपनीचे नोकर नव्हतेच. मग कंपनीच्या नोकरांच्या यादीत त्यांची नावं येणार कुठून? याला आपण सॅम्पलिंग बायस म्हणतो. इथे तो एखाद्याच्या अख्ख्या घराण्याला कागदावरून पुसून टाकतो.

तिसरी अडचण नावाची. आडनाव लावायची पद्धत तेव्हा सगळीकडे रुळलेली नव्हती. 'रामा बाळा' अशी नोंद असेल तर 'बाळा' हे वडिलांचं नाव असू शकतं. आडनावाने शोधून ते कधीच मिळणार नाही. इंग्रजी स्पेलिंगही कारकुनाच्या कानावर अवलंबून. 'तुकाराम'मधला 'तु' कुठे एका 'यू'ने लिहिलेला, तर कुठे दोन 'ओ' लावून. म्हणून शोधण्याआधी नावाच्या सगळ्या शक्य रूपांची यादी करा.

आता घरची ट्रंक उघडा. नेमणुकीचं पत्र, सर्व्हिस सर्टिफिकेट, बदलीचा हुकूम, पास, काहीही चालेल. एक गोष्ट लक्षात ठेवा: रेल्वेत पेन्शन योजना 1957 मध्ये आली. त्याआधी निवृत्त झालेल्यांच्या बाबतीत पेन्शनपेक्षा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचे कागद शोधणं शहाणपणाचं. फंडाच्या कागदावर वारस म्हणून पणजीचं नाव असू शकतं. रेल्वेच्या इतर कागदांत तिचं नाव यायला फारसं कारणच नव्हतं.

शेवटी वहीत प्रत्येक शोधाच्या चार गोष्टी लिहा: कोणतं दप्तर पाहिलं, कोणती वर्षं पाहिली, नावाची कोणती रूपं पाहिली, आणि पणजोबांसारख्या माणसाची नोंद त्या दप्तरात होणं अपेक्षित तरी होतं का. चौथ्याचं उत्तर 'हो' असेल, तर न सापडणं हा थोडाफार पुरावा ठरतो. उत्तर 'नाही' असेल, तर त्या रिकाम्या पानावरून पणजोबांबद्दल काहीच सिद्ध होत नाही, आणि घरात ऐकलेली गोष्ट तुम्ही अजून खोडलेली नाही.

तुमच्या थिसिसमधल्या 'आढळले नाही' या प्रत्येक वाक्यालाही हेच चार प्रश्न विचारून बघा.