वजाबाकीतील चूक कशी वाचावी

तिसरीच्या वर्गात फळ्यावर 52 वजा 27 हे उदाहरण घातले आणि पाचसहा मुलांनी 35 हे उत्तर लिहिले, तर बहुतेक शिक्षक काय करतात? पाटीवर फुली मारतात, हातच्याची रीत पुन्हा एकदा सांगतात आणि तशीच दहा उदाहरणे घरी करावयास देतात. दुसऱ्या दिवशी दहाही चुकून येतात. शिक्षक त्रासतो, आणि गणित हा आपला प्रांत नव्हे, असे मुलगा मनाशी ठरवून टाकतो. ज्याच्या घरी समजावून सांगणारे कोणी नसते, त्याचे गणित बहुधा येथेच खुंटते. वास्तविक त्या मुलाने हयगय केलेली नसते. त्याने एक नियम काटेकोरपणे पाळलेला असतो. तो नियम तेवढा चुकीचा असतो.

हे 35 दोन निरनिराळ्या वाटांनी येते. एका मुलाची समजूत अशी की, लहान अंक मोठ्या अंकातून काढावयाचा, मग तो वर असो वा खाली. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तो सातातून दोन काढतो व पाच मांडतो. दुसरा मुलगा दशक सुटा करतो, बारातून सात काढून पाच लिहितो, परंतु वरच्या पाच दशकांतील एक खर्ची पडला हे विसरतो. पहिल्याला स्थानिक किमतीचाच बोध झालेला नाही. दुसऱ्याला तो झाला आहे, नोंद करावयाची तेवढी राहिली. दोघांना एकच उपाय सांगणे म्हणजे तापाला आणि खरजेला एकच पुडी देणे होय.

म्हणून उदाहरणाची निवड विचारपूर्वक केली पाहिजे. एककांच्या अंकांत पाचाचा फरक असला की दोन्ही चुकांचे उत्तर सारखेच येते, आणि असे उदाहरण निदानाच्या कामी निरुपयोगी ठरते. त्याऐवजी 61 वजा 34 घालावे. पहिला मुलगा 33 लिहील, दुसरा 37; खरे उत्तर 27. मागून 80 वजा 46 द्यावे. पहिल्याचे उत्तर 46 आणि दुसऱ्याचे 44 आले, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. तरीही मुलाला जवळ बसवून ‘हे कसे केलेस, ते सांग पाहू’ असे विचारावेच. मात्र हा प्रश्न उत्तर बरोबर असतानाही विचारण्याची सवय हवी. एरवी प्रश्न आला म्हणजे चूक झाली, हे ओळखून मूल लगेच उत्तर खोडू लागते.

पहिल्या मुलाला काड्यांच्या पाच जुड्या व दोन सुट्या काड्या द्याव्यात आणि त्यांतून सत्तावीस मागाव्यात. जुडी सोडल्यावाचून सात काड्या देता येत नाहीत, हे त्याच्या हातांनाच कळते. दुसऱ्याला पाचाचा आकडा खोडून वर चार लिहिण्याची शिस्त लावली की बहुतेक काम होते.

तिसरी चूक वजाबाकीच्या आधीच घडते. उदाहरण तोंडी सांगितले की काही मुले सत्तावीस ऐकून 72 लिहितात. मराठीत सात आधी उच्चारले जातात, वीस मागून. लिहिताना क्रम उलटा. बेळगावच्या बाजारात कानडी ‘इप्पत्तेळु’ आणि हैदराबादेत तेलुगू ‘इरवै एडु’ ऐकणाऱ्या मुलाला तर तेथे वीस आधी ऐकू येतात. इंदूर-बडोद्याकडे ही अडचण नाही, कारण हिंदी व गुजराती मराठीप्रमाणेच चालतात. 2019 साली महाराष्ट्राच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ असे वाचन सुचविले गेले, तेव्हा मोठे वादळ उठले. भाषेचा अभिमान बाजूस ठेवला तरी मुलाची अडचण खरी होती, एवढे मान्य करावयास हवे. सत्तावीस म्हणजे वीस आणि सात, असे काही दिवस जोडीने म्हणवून घेण्यास कोणाची हरकत नसावी.

अशा चुकांमागे नियम असतो, हे अमेरिकेत जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 साली सविस्तर मांडले. मुलाची चुकलेली रीत ओळखण्याचा त्यांचा ‘बगी’ नावाचा संगणकी खेळ होऊ घातलेल्या शिक्षकांनाही खेळावयास दिला गेला. संगणक नसला तरी चालेल. शंभर पानी वही पुरे: डाव्या पानावर चुकलेले उत्तर जसेच्या तसे, उजवीकडे मुलाने सांगितलेली रीत. जपानमधील शिक्षक एकत्र बसून पाठ आखतात. एक जण शिकवितो आणि बाकीचे मुलांचे निरीक्षण करून मग चर्चा करतात. आपल्याकडील दोनशिक्षकी शाळेत एवढा लवाजमा जमणार नाही. पण आठवड्यातून एक तास दुसऱ्या शिक्षकाने वर्गात मागे बसून चारच मुलांच्या पाट्या पाहाव्यात; शिकविणाऱ्याकडे मुळीच पाहू नये. त्यांतील एक नोंद सुटीत दोघांनी वाचावी. वर्षाअखेरीस वर्ग दुसऱ्याच्या हाती जाईल तेव्हा गुणपत्रकाबरोबर ही वहीही द्यावी. कोणता मुलगा दशक सुटा करावयास अजून बिचकतो, हे गुणांच्या रकान्यात दिसत नाही.