अपघातग्रस्त मिनीबाइक मुलांच्या हाती देण्यापूर्वी

मुलांची मिनीबाइक, म्हणजे साधारण ४९ सीसीचे दोन-स्ट्रोक इंजिन आणि लहान चाके असलेली ठेंगणी दुचाकी, आपटल्यानंतरही बहुधा पुन्हा सुरू होते; परंतु इंजिन सुरू झाले एवढ्यावरून ती मुलासाठी सुरक्षित झाली असे मानणे घातक ठरते. १९७२ साली बाजारात आलेल्या लुनासारख्या गाड्यांमुळे अमरावती व अकोल्यातील जुन्या मिस्त्रींना दोन-स्ट्रोक इंजिन परके नाही. खरी कसोटी सांगाडा, ब्रेक आणि इंजिन बंद करण्याची सोय यांच्या तपासणीत असते.

समोरून बसलेला धक्का फोर्कमधून थेट सांगाड्याच्या त्या नळीपर्यंत पोहोचतो, जिच्यात हॅन्डल फिरते. म्हणून तेथील वेल्डिंगजवळचा रंग खरवडून केसाएवढी चीर शोधावी लागते. त्यासाठी लाल द्रव लावून पुसतात व वर पांढरा थर फवारतात, तेव्हा चिरेत मुरलेला रंग वर उमटतो; या पद्धतीला डाय पेनिट्रंट तपासणी म्हणतात. चाकांच्या दोन्ही बाजूंनी ताणून धरलेल्या दोरीवरून सांगाड्याचा तिरकेपणा कळतो. वाकलेला फोर्क तापवून सरळ केल्यास धातू कमकुवत होण्याचा धोका असल्याने तो बदलणेच योग्य.

अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडताच ती स्वतःहून मागे फिरली पाहिजे. वाकलेल्या हॅन्डलमुळे केबल दबली तर गाडीचा वेग उतरत नाही आणि घाबरलेले मूल मूठ अधिकच घट्ट धरते. या गाड्यांत बहुधा केंद्रापसारी क्लच असतो, जो इंजिनाचा वेग वाढल्यावरच चाकाला ओढ देतो. म्हणून मागचे चाक उचलून इंजिन मंद ठेवल्यास ते फिरता कामा नये. वऱ्हाडच्या काळ्या मातीचा चिकट चिखल साखळीत व बेअरिंगमध्ये बसतो, त्यामुळे ते भाग उघडून धुणे हाही दुरुस्तीचाच भाग ठरतो. साखळी आणि सायलेन्सर यांवर आवरण हवे, ब्रेकची मूठ लहान बोटांच्या आवाक्यात हवी, आणि मुलाच्या मनगटाला बांधलेली दोरी पडताक्षणी सुटून इंजिन बंद करील असा स्विच बसवलेला हवा. अपघातात आदळलेले हेल्मेट वरून अखंड दिसले तरी आतला फोम दबलेला असू शकतो, म्हणून तेही बदलावे.

मोटार वाहन कायद्यानुसार ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवानाही वयाची १६ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मिळत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाने या कायद्याखाली केलेल्या गुन्ह्याबद्दल पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंडाची तरतूद केली आहे. अमरावती-अकोला दरम्यानच्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अवजड वाहने वेगाने धावतात, त्यामुळे मिनीबाइकची जागा मोठ्यांच्या देखरेखीखालील बंदिस्त मैदानातच आहे. सांगाड्याला चीर आढळल्यास गाडी परत देण्यास नकार देणारा मिस्त्री आणि तो नकार मानणारा पालक, या दोघांच्या निर्णयावरच मुलाची सुरक्षितता अवलंबून असते.