लेखनावरील हक्क आणि आपली शाळा



गेल्या सत्रात मौदा तालुक्यातील एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका शिक्षिकाताईंनी शंका विचारली. त्यांनी वर्गाच्या भिंतीवर स्वहस्ते एक कविता लिहून लावली होती. पुढे ‘दुसऱ्याचे लेखन उतरवून घेणे हा गुन्हा आहे’ असा संदेश मोबाईलवर आला, आणि ताईंनी भिऊन ती कविता काढून ठेवली. त्याच सभेत एका गुरुजींनी एका खाजगी सराव-पुस्तिकेची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झेरॉक्स काढून वर्गात वाटल्याचे मोठ्या उत्साहाने सांगितले. भीती आणि बेफिकिरी अशी एकाच बाकावर बसलेली पाहून या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले.

मुळात लेखनावर मालकी असावी काय? माझ्या बांधीतले धान शेजाऱ्याने कापून नेले, तर माझी कोठी रिकामी राहते. परंतु मी रचलेले गाणे शेजाऱ्याच्या मुलाने म्हटले, तर ते माझ्यापाशी जसेच्या तसे उरते. ज्या वस्तूला धुरा घालता येत नाही तिच्यावर हक्क सांगणे अनेकांना चमत्कारिक वाटते, आणि हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. तथापि गाणे उरले तरी गाणाऱ्याचे पोट उरतेच. ज्याने लेखकाला मोबदला दिला नाही तो छापणारा पुस्तक नेहमीच स्वस्तात विकू शकतो. मग मोबदला देणारा प्रकाशक मागे पडतो आणि लेखक रिकाम्या हाताने घरी जातो. म्हणून हा हक्क शेताच्या सातबाऱ्यासारखा नसून मजुरीसारखा आहे, असे मी मानतो. मजुरी न्याय्य असते. पण ती अनंतकाळ चालू राहत नाही. इंग्लंडात १७१० साली या विषयाचा पहिला कायदा झाला, तेव्हा नव्या पुस्तकास १४ वर्षांची मुदत होती, आणि लेखक हयात असल्यास आणखी १४ वर्षांची.

आपल्या संतांनी तर मजुरीही मागितली नाही. अभंग कोणीही गावा, कोणीही वहीत उतरवून घ्यावा, अशीच त्यांची रीत होती. पण अखेरच्या चरणात नाममुद्रा असे, ती गाळण्याची मुभा कोणालाही नव्हती. तुकोबांच्या गाथेत सालोमालोचा उल्लेख येतो. दुसऱ्याचे ते आपले म्हणणारा आणि संतवचने मोडून स्वतःस मिरवणारा, असे त्याचे वर्णन आहे. फुकट गाणाऱ्या वारकऱ्यावर जे तुकोबा कधी रागावले नाहीत, ते नाव पुसणाऱ्यावर रागावले. यात मला कायद्याची दोन अंगे स्पष्ट दिसतात: एक मोबदल्याचे आणि दुसरे नावाचे.

मोबदल्याच्या अंगाला मुदत आहे. आपला कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे, अशी त्यात मुदत होती. रवींद्रनाथ १९४१ साली निवर्तले. त्यांच्या ग्रंथांची मुदत संपत आली, तेव्हा १९९२ साली ती ६० वर्षांची झाली. एका महाकवीच्या निमित्ताने साऱ्या देशातील वाचकांची वाट दहा वर्षांनी लांबली! वर्षांची मोजणी मृत्यूच्या पुढील १ जानेवारीपासून होते. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांची ‘श्यामची आई’ २०११ च्या आरंभापासून सर्वांची झाली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २०१७ पासून मोकळे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली निवर्तले, तेव्हा ‘ग्रामगीते’ची मुदत २०२८ च्या अखेरीपर्यंत आहे. मरणोत्तर प्रकाशित झालेल्या लेखनाची मोजणी प्रकाशनापासून होते. ज्या माउलीला अक्षरओळख नव्हती त्या बहिणाबाईंच्या कविता घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ साली छापल्या. त्या २०१३ पासून मुक्त आहेत.

साठ वर्षे ही मुदत माझ्या मते न्यायापेक्षा अधिक आहे. मृत्यूनंतरच्या साठ वर्षांच्या आशेने कोणी लेखणी हाती घेतो, असे मला वाटत नाही. आणि जे पुस्तक प्रकाशक पुन्हा छापत नाही, ते दुसऱ्यालाही छापता येत नाही. ग्रंथालयातील कपाटात त्याची पाने पिवळी पडत राहतात. गंमत अशी की, आपण ज्या मेकॉलेला १८३५ च्या टिपणामुळे नावे ठेवतो, त्यानेच १८४१ साली इंग्लंडच्या लोकसभेत नेमक्या अशाच साठ वर्षांच्या प्रस्तावाला विरोध केला. लेखकाला बक्षीस देण्यासाठी वाचकांवर बसविलेला कर, असे त्याने या हक्काचे वर्णन केले. त्याचे हे म्हणणे मात्र मला मान्य आहे.

आता शाळेचे पाहू. शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल कायद्याने हक्कभंग मानलेली नाही. प्रश्नपत्रिकेतील उतारेही नाहीत. स्नेहसंमेलनात मुलांनी व शिक्षकांनी नाटक केले आणि प्रेक्षक शाळेचे व पालकच असले, तर परवानगी लागत नाही. तिकीट लावून गावाला बोलाविले की गोष्ट बदलते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांसाठी ब्रेलसारख्या सुलभ प्रती करण्यासही मुभा दिली आहे. दिल्ली विद्यापीठातील एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन मोठ्या प्रकाशकांनी दावा केला होता. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली ‘शिकविण्याचा ओघ’ हे शब्द वर्गातील व्याख्यानापुरते मर्यादित नाहीत असे ठरविले. तेव्हा ताईंची कविता निर्धास्तपणे भिंतीवर असावी. सराव-पुस्तिकेच्या गुरुजींचे मात्र माझ्या मनाला पटत नाही. कायद्याच्या कसोटीवर ते कदाचित निभावूनही जाईल, कारण मुले मजुरांची आणि गरज खरी. परंतु जे पुस्तक केवळ मुलांनी विकत घ्यावे म्हणूनच केले आहे, त्याची सगळी पाने फुकट घेणे म्हणजे करणाऱ्याची मजुरी बुडविणे होय. दोन पाने घ्यावीत, दहा उदाहरणे स्वतः तयार करावीत.

नावाचे अंग याहून कडक आहे. हक्क विकला तरी लेखक म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार लेखकापाशीच राहतो, असे कायद्याचे ५७ वे कलम सांगते. मी शाळेवर असताना अंकओळखीची काही बडबडगीते रचली होती. काही वर्षांनी ती एका छापील पुस्तिकेत भलत्याच नावाखाली निघाली. पैशाचे मला काही वाटले नाही. पण माझ्याच वर्गातून गेलेली एक मुलगी ती पुस्तिका घेऊन आली आणि म्हणाली, “गुरुजी, तुम्ही आम्हाला यांची गाणी शिकवली होती ना?” त्या लेकराला काय उत्तर द्यावे, हे मला त्या वेळी सुचले नाही.

त्या ताईंची कविता आता पुन्हा भिंतीवर लागली आहे. परवाच्या भेटीत मी ती पाहिली, तर खाली कवीचे नाव नव्हते. विचारता कोणालाच ते आठवेना. शाळेच्या पेटीतील जुनी पाठ्यपुस्तके बाहेर काढून सध्या शोध चालू आहे.