संदर्भ व्यवस्थापन आज्ञावली व लेखन-संपादक यांची जोडणी

प्रबंधलेखनात संदर्भसूची अचूक राखणे जिकिरीचे असते. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये सुरू झालेली झोटेरो ही मोफत आज्ञावली हे काम सुकर करते.

विंडोज व मॅकवर मायक्रोसॉफ्ट वर्डशी तिची जोडणी सहसा आपोआप होते. न झाल्यास सेटिंग्जमधील 'साइट' विभागातून करता येते. लिनक्सवर प्रामुख्याने लिब्रेऑफिस वापरले जाते. त्याच्या जोडणीस जावा लागते. उबुंटूवर 'लिब्रेऑफिस-जावा-कॉमन' हे पॅकेजही बसवावे लागते.

खरी अडचण पुढे आहे. विद्यार्थी लिब्रेऑफिसमध्ये लिहितो, मार्गदर्शक वर्डमध्ये तपासतात. झोटेरोचे संदर्भ वर्डमध्ये 'फील्ड' म्हणून, तर लिब्रेऑफिसमध्ये 'रेफरन्स मार्क' म्हणून साठविले जातात. ओडीटी फाइल केवळ डॉकएक्स स्वरूपात जतन केल्यास संदर्भ दिसतात खरे, परंतु ते निर्जीव मजकूर होऊन बसतात. मग संदर्भशैली बदलायची तर शेकडो नोंदी हाताने दुरुस्त करणे आले! म्हणून फाइल पाठविण्यापूर्वी झोटेरोच्या 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मधील 'स्विच टू अ डिफरंट वर्ड प्रोसेसर' ही आज्ञा द्यावी. संदर्भांच्या जागी तात्पुरते दुवे येतात. दुसऱ्या संपादकात 'रिफ्रेश' करताच संदर्भ पूर्ववत होतात. अर्थात, तेथेही झोटेरो असणे आवश्यक आहे.

'बुकमार्क' हा पर्याय दोन्ही संपादकांत चालतो. तथापि तो नाजूक असून तळटीपांत वापरता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकांना तो निरुपयोगीच म्हणावा लागेल.

अंतिम प्रतीसाठी 'अनलिंक सायटेशन्स' वापरताना मूळ फाइल वेगळी जतन करावी, कारण तुटलेली जोडणी त्या प्रतीत पुन्हा प्रस्थापित होत नाही.